पीएचपी ५ वरून ८ वर: काटापट्टीचा प्रोग्राम आणि बदललेली भाषा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावी तुमचं संगणक केंद्र आहे. पीएचपी, म्हणजे वेबपानांमागचे प्रोग्राम लिहायची भाषा, ती तुम्ही ५ च्या काळातल्या पुस्तकावरून शिकलात आणि जवळच्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) काटापट्टीचा प्रोग्राम केलात. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, दर, हमाली, तोलाई टाकली की शेतकऱ्याची पट्टी निघते. होस्टिंगवाल्यानं ५.६ काढून ८.२ बसवलं आणि पान पांढरं पडलं. काट्यावरचा पोरगा फोन करून राहिला, "दादा, पट्टी निघूनच नाही राहिली." आता तुम्ही विचारता की पीएचपीत नवीन काय आलं, ते सगळं शिकावं लागेल का, की ही भाषा सोडून दुसरीच धरावी?

भाषा सोडू नका. वीस-पंचवीस फाइलींचा चालता प्रोग्राम आहे, त्याचा हिशोब तुम्हाला पाठ आहे. वर्डप्रेस पीएचपीत आहे, विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तेही पीएचपीतच आहे. भाषा मेलेली नाही. पण तुम्ही शिकलात ती पीएचपी आणि आजची पीएचपी यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो फरक कळला की निम्मं काम झालं.

जुनी पीएचपी अंदाज करायची. आकडा हवा तिथे शब्द आला तर ती शब्दाचा शून्य करायची, नसलेलं व्हेरिएबल वापरलं तर रिकामं धरून पुढे जायची. रासमस लेर्डोर्फनं १९९५ साली ती लोकांना दिली तेव्हा नाव होतं 'पर्सनल होम पेज टूल्स'. घरगुती पानासाठी असा समजूतदारपणा बरा असतो. शेतकऱ्याच्या पैशाच्या हिशोबात तो घातक आहे. ७.० (डिसेंबर २०१५) पासून आजपर्यंत जे काही मोठं आलं, त्यातलं बहुतेक एकाच दिशेचं आहे: भाषेनं अंदाज करणं कमी केलं आणि 'इथे चुकलं' असं थांबून सांगणं वाढवलं. तुमचं पान पांढरं पडलं तेही त्यातूनच.

आधी त्या पांढऱ्या पानाचं बघू. होस्टिंगवर चुका पडद्यावर दाखवणं बंद असतं, म्हणून कोरं पान दिसतं. चूक एरर लॉगमध्ये लिहिलेली असते, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन ती फाइल उघडा. माझा अंदाज, पहिल्याच ओळीत 'मायएसक्यूएल_कनेक्ट नावाचं फंक्शन नाही' असं असेल. मायएसक्यूएल_ नं सुरू होणारी ती जुनी फंक्शनं ७.० मध्ये काढून टाकली. त्यांच्या जागी डेटाबेसशी बोलायला पीडीओ किंवा मायएसक्यूएलआय वापरायचं. मी पीडीओ घ्या म्हणेन. आणि क्वेरीत शेतकऱ्याचं नाव अवतरणचिन्हात चिकटवणं बंद करा, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरी वेगळी आणि त्यात भरायची मूल्यं वेगळी जातात. एखाद्याच्या नावात किंवा शेऱ्यात अवतरणचिन्ह आलं की जुनी क्वेरी तुटते, आणि कुणी मुद्दाम तसं लिहिलं तर आख्खा डेटाबेस हाती लागतो.

एवढं बदललं की पुढची चूक दिसेल, मग त्याच्या पुढची. क्रिएट_फंक्शन आणि ईच ८.० मध्ये गेले. स्ट्रिंगमधलं (मजकुरातलं) अक्षर महिरपी कंसानं काढणं गेलं, आता चौकटी कंसच. काउंटला नल (म्हणजे 'मूल्यच नाही') दिलं तर ८.० पासून ते शून्य देत नाही, थांबतं. या सगळ्या चुका ओरडून सांगतात, म्हणून त्या सोप्या. एक मात्र गप्प बसते. जुन्या पुस्तकात क्लासच्याच नावाचं फंक्शन लिहिलं की ते कन्स्ट्रक्टर व्हायचं, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालायचं. ८.० पासून ते साधं फंक्शन आहे. चूक दाखवत नाही, फक्त कुणी ते बोलावतच नाही, आणि तुमचे दर, हमाली, तोलाई न भरताच ऑब्जेक्ट तयार होतं. तुमच्या सगळ्या क्लासांतून हे आधी शोधा आणि त्याचं नाव दोन अंडरस्कोअरवालं कन्स्ट्रक्ट करा.

दुसरी गप्प बसणारी गोष्ट म्हणजे तुलना. यावर जरा थांबतो, कारण इथे पट्टीच बदलू शकते. दोन बरोबरच्या चिन्हांची तुलना जुन्या पीएचपीत आकडा आणि शब्द समोरासमोर आले की शब्दाचा आकडा करायची. 'रद्द' या शब्दाचा आकडा शून्य. म्हणजे पट्टीची स्थिती ० ठेवली असेल आणि तुम्ही विचारलं, ही 'रद्द' आहे का, तर उत्तर 'हो' यायचं. ८.० मध्ये हे उलटलं: शब्द आकड्यासारखा दिसत नसेल तर आकड्याचाच शब्द करून तुलना होते, म्हणून उत्तर 'नाही'. शून्य आणि कोरी स्ट्रिंग यांचंही तसंच. पूर्वी बरोबर, आता नाही. 'हमाली रिकामी असेल तर नेहमीची लाव' अशी ओळ तुमच्याकडे असणारच. ज्याला हमाली माफ म्हणून ० टाकली आणि तुम्ही त्याचा आधीच पूर्णांक करून घेतला होता, त्याला जुन्या प्रोग्राममध्ये नेहमीची हमाली लागत होती, नव्यात लागणार नाही. नवीन उत्तर बरोबर आहे, पण मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर ताळा जुळत नाही म्हणून तुमच्याच नावानं ओरड होईल. यापुढे तीन बरोबरची चिन्हं वापरा.

आता नव्या गोष्टी. मी त्या आलेल्या क्रमानं सांगत नाही, तुमच्या कामाच्या क्रमानं सांगतो.

पहिला मान टाइपांना. फंक्शनच्या कंसात प्रत्येक मूल्याच्या आधी ते पूर्णांक आहे, दशांश आहे की स्ट्रिंग, हे लिहिता येतं. फंक्शन काय परत देणार तेही लिहिता येतं. हे ७.० पासून आहे, आणि क्लासमधल्या प्रॉपर्टींना टाइप देणं ७.४ (नोव्हेंबर २०१९) पासून. फाइलीच्या डोक्यावर स्ट्रिक्ट टाइप्सची घोषणा केली की त्या फाइलीतून केलेल्या कॉलमध्ये स्ट्रिंगमधलं '७५' गुपचूप आकड्यात बदलत नाही, तुम्हालाच बदलावं लागतं. फॉर्ममधून येणारं सगळं स्ट्रिंगच असतं, हे ध्यानात ठेवा. म्हणून फॉर्म वाचता तिथेच एकदा तपासून आकडा करायचा आणि आतल्या फंक्शनांना फक्त शुद्ध माल द्यायचा.

इथे आपल्याकडची एक खास अडचण. काट्यावरचा पोरगा मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ओलावा १० असा देवनागरी आकड्यांत टाकतो. पीएचपीला देवनागरी आकडे म्हणजे निव्वळ अक्षरं. पूर्णांकात बदलायला सांगितलं तर सरळ शून्य मिळतो, चूक झाल्याचा एक शब्दही नाही. शून्य ओलावा म्हणजे कपात नाही, आणि जिनिंगमालकाचं नुकसान. टाइप लिहिलेल्या फंक्शनला तीच स्ट्रिंग दिली तर टाइप एरर येऊन काम थांबतं. थांबलेलं बरं. उपाय सोपा आहे: एसटीआरटीआर फंक्शनला दहा जोड्यांची यादी द्या, देवनागरी आकड्याला इंग्रजी आकडा, आणि फॉर्ममधून आलेलं प्रत्येक वजन-दर त्यातून काढा.

टाइप ठरवताना पैसे दशांशात ठेवू नका. ०.१ अधिक ०.७ याला १० नं गुणून पूर्णांक काढला तर पीएचपी ८ देत नाही, ७ देते. संगणकाच्या दशांशांचा तो जुनाच गुण आहे. पैसे पैशांत, वजन किलोत, दोन्ही पूर्णांक. क्विंटल आणि रुपये फक्त छापताना.

दुसरं, एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची पक्की यादी. हे ८.१ (नोव्हेंबर २०२१) मध्ये आलं आणि माझ्या मते ८ मधली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तुमच्या टेबलात पिकाचा रकाना उघडून बघा. 'सोयाबीन', 'सोयाबिन', 'तूर', 'तुर', शेवटी एक जागा सुटलेलं 'कापूस '. ऱ्हस्व-दीर्घ बदललं की संगणकाला ते वेगळं पीक. महिनाअखेर आवक काढली की तुरीचे दोन आकडे येतात. एनममध्ये पिकं एकदाच ठरवायची, प्रत्येकाला डेटाबेसात ठेवायचा छोटा कोड द्यायचा, आणि प्रोग्राममध्ये असं लिहायचं:

`पीक::कापूस`

ही ओळ खरोखर चालते बरं का. पीएचपी देवनागरी नावं घेते, व्हेरिएबलांचीसुद्धा. कीवर्ड इंग्रजीच राहतात. मी स्वतः हिशोबाच्या शब्दांना मराठी नावं देतो, बाकी इंग्रजी. कीबोर्ड सारखा बदलावा लागतो म्हणून काहींना आवडत नाही, पण 'तोलाई'ला इंग्रजीत काय म्हणू यात वेळ घालवण्यापेक्षा ते बरं.

एनमचं 'ट्रायफ्रॉम' डेटाबेसातला कोड घेऊन पीक देतं, कोड अनोळखी असेल तर नल देतं. 'फ्रॉम' अनोळखी कोडावर एरर फेकतं. फॉर्मला पहिलं वापरा, म्हणजे माणसाला 'पीक निवडा' असं सांगता येईल; डेटाबेसातून वाचताना दुसरं, कारण तिथे चुकीचा कोड असणं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. मग फंक्शनच्या कंसात टाइप म्हणून 'पीक' लिहा, तिथे दुसरं काही येऊच शकत नाही.

त्याला जोडूनच मॅच (८.०, नोव्हेंबर २०२०). स्विचचा हा शहाणा भाऊ. ब्रेक विसरलात म्हणून सोयाबीनच्या खालची तुरीची ओळही चालली, असं होत नाही. तुलना तीन बरोबरच्या चिन्हांची. उत्तर थेट व्हेरिएबलात ठेवता येतं. आणि कुठलीच ओळ लागू पडली नाही तर तो एरर देतो, गप्प पुढे जात नाही. कापसाच्या ओलाव्यासाठी मॅचला 'खरं' ही किंमत देऊन ओळींत अटी लिहिता येतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर प्रमाणात कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. म्हणजे तीन ओळी. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. हे आकडे कोडात पुरू नका, दर हंगामाला बदलतात. टेबलात हंगामाच्या वर्षासह ठेवा. तुमच्या मालकाचे कपातीचे नियम वेगळे असले तर तेवढ्याच ओळी बदलतात, बाकी प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

एक अडचण सांगून ठेवतो: मॅच कडक असल्यामुळे फॉर्ममधून आलेली स्ट्रिंग '१' आणि पूर्णांक १ त्याला वेगळे वाटतात. आधी टाइप पक्का करा म्हणालो ते यासाठीच.

तिसरं, नाव घेऊन मूल्य देणं, तेही ८.० चं. तुमच्या पट्टीच्या फंक्शनला ओळीनं सहा आकडे जातात. हमाली आणि तोलाईची जागा अदलाबदल झाली तर टाइपही वाचवू शकत नाहीत, दोन्ही पूर्णांकच. आता असं लिहा:

`पट्टी(भरले: $भरले, रिकामे: $रिकामे, ओलावा: $ओलावा, दर: $दर, हमाली: $हमाली, तोलाई: $तोलाई)`

क्रम कसाही चालतो, आणि सहा महिन्यांनी वाचताना कुठला आकडा कशाचा ते शोधत बसावं लागत नाही.

काटापट्टी एकदा छापली की तिच्यातलं वजन बदलायला नको. त्यासाठी रीडओन्ली प्रॉपर्टी (८.१): कन्स्ट्रक्टरमध्ये एकदा भरली की पुन्हा कुणी बदलायला गेलं तर एरर. ८.२ पासून आख्खा क्लासच रीडओन्ली करता येतो. शिवाय ८.० पासून कन्स्ट्रक्टरच्या कंसातच प्रॉपर्टी जाहीर करता येतात, म्हणजे एकच नाव तीनतीनदा लिहिण्याची कटकट गेली. मर्यादा एवढीच की रीडओन्ली प्रॉपर्टीत दुसरं ऑब्जेक्ट ठेवलं तर त्याच्या पोटातलं अजून बदलता येतं. आणि डेटाबेसातली ओळ यानं गोठत नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर जुनी पट्टी रद्द, नवीन पट्टी नवीन क्रमांकानं. वही लिहिणारे मुनीम हेच करत आले.

रिकाम्या मूल्यांसाठी दोन चिन्हं शिका. दोन प्रश्नचिन्हं (७.०) म्हणजे डावीकडचं नसेल किंवा नल असेल तर उजवीकडचं घे, इसेटची लांबलचक ओळ वाचते. आणि ८.० चा प्रश्नचिन्हवाला बाण:

`$शेतकरी?->खाते?->आयएफएससी`

खातं जोडलेलंच नसेल तर इथे नल मिळतं, एरर नाही. पण हे सगळीकडे शिंपडू नका. खात्याशिवाय पैसे पाठवायचेच नसतील तर तिथे प्रोग्राम थांबायलाच हवा, नल घेऊन पुढे जायला नको.

बाण-फंक्शनं (७.४) यादी गाळायला-मोजायला छान आहेत, बाहेरची व्हेरिएबलं आपोआप घेतात. आठवडाभरात सवय होते. ॲट्रिब्यूट, फायबर, जेआयटी यांच्याकडे सध्या बघूही नका. जेआयटीचं नाव फार झालं, पण तुमच्या पानाचा वेळ डेटाबेसात जातो, आकडेमोडीत नाही. वेगाचा मोठा फायदा ५.६ सोडून ७ वर येण्यातच होता, आणि ऑपकॅश (वाचलेला कोड तयार ठेवणारी सोय) चालू ठेवलं की झालं. ८.४ मधले प्रॉपर्टी हुक आणि ८.५ मधला पाइप ऑपरेटर देखणे आहेत, त्यांच्यावाचून तुमचं अडत नाही.

मराठी मजकुरासाठी मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण इंग्रजी पुस्तकांत हे सहसा नसतं. 'कापूस' या शब्दाची लांबी स्ट्रलेन १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. एमबी_स्ट्रलेन ५ सांगतं: क, काना, प, ऊकार, स. डोळ्याला दिसतात ती तीन अक्षरं ग्राफीम_स्ट्रलेन मोजतं, त्यासाठी इंटल एक्स्टेन्शन लागतं. साध्या सबस्ट्रनं नाव कापलं की शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं ते याचमुळे. कापायचं तर ग्राफीमवालं फंक्शन वापरा, नाहीतर मात्रा तुटून शेतकऱ्याचं नावच बदलतं. गावाचं नाव शोधायला ८.० चं स्ट्र_कंटेन्स घ्या. जुनं स्ट्रपॉस शब्द अगदी सुरुवातीला सापडला तर शून्य देतं, 'इफ'ला तो 'नाही' वाटतो, आणि 'हिंगणघाट' शोधताना 'हिंगणघाट रोड'च गळतं.

आणि सगळ्यात मोठा खड्डा. पीडीओनं यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लावून जोडणी केलीत की जुनी नावं मराठीऐवजी टिंबं-रेघा असलेल्या युरोपीय अक्षरांत दिसू शकतात. घाबरू नका, डेटा बहुधा शाबूत आहे. जुनी जोडणी लॅटिन१ नं, म्हणजे युरोपीय अक्षरांच्या जुन्या पद्धतीनं बोलत होती. तिनं मराठी बाइट लॅटिन समजून ठेवले आणि तसेच परत दिले, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. आधी बॅकअप घ्या. मग एका नावावर मायएसक्यूएलचं हेक्स फंक्शन चालवून बघा, ते साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवतं. अक्षरं 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' नं सुरू होत असतील तर बाइट बरोबर आहेत, फक्त रकान्याला लॅटिन१ चं लेबल आहे. रकाना आधी बायनरी प्रकारात आणि मग यूटीएफ८एमबी४ मध्ये न्या. थेट लॅटिन१ वरून यूटीएफ८एमबी४ केलंत तर तोच घोटाळा कायमचा पक्का होतो. 'सी३ए०' दिसलं तर बाइट दोनदा गुंडाळले गेलेत. लॅटिन१ जोडणीनं डंप (डेटाबेसाची फाइलीतली नक्कल) काढून तो यूटीएफ८एमबी४ म्हणून परत भरावा लागतो. दोन्ही कामं आधी नकलेवर.

आता हे करायचं कसं. चालू हंगामात होस्टिंगच्या पॅनेलमधून तात्पुरतं जुनं व्हर्जन मिळत असेल तर ते लावून काटा चालू करा. पण ते तात्पुरतंच, ५.६ ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं आहे आणि त्यावर शेतकऱ्यांचे खातेक्रमांक ठेवणं बरोबर नाही. बदल स्वतःच्या संगणकावर करा. पीएचपीत ५.४ पासून स्वतःचा छोटा सर्व्हर असतो, कमांड देऊन फोल्डरातच चालू होतो, इंटरनेट लागत नाही. मॅन्युअलही डाउनलोड करून ठेवता येतं. गावात नेट आणि लाइट दोन्हींचा भरवसा नसताना हे फार कामाचं आहे. सगळ्या चुका दाखवणं चालू करा, आधी ७.४ वर चालवून इशारे मिटवा, मग ८.४ वर या. ८.२ ची सुरक्षा-मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते, ८.४ ची २०२८ अखेर. म्हणून तुमच्या होस्टिंगवर ८.४ असेल तर तेच निवडा.

तपासणीसाठी मागच्या हंगामातल्या छापलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा घ्या. त्यात हमाली माफ असलेली एक, १२ च्या वर ओलावा असलेली एक, परत आलेली गाडी एक, मराठी आकड्यांत भरलेली एक असू द्या. जुन्या आणि नव्या प्रोग्राममधून त्याच नोंदी काढा आणि पैशापर्यंत जुळवा. जिथे जुळणार नाही तिथे वर सांगितलेल्या तुलनेचंच कारण निघण्याची शक्यता जास्त. दसऱ्यानंतर आवक सुरू होते, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच हातावेगळं करा, आणि सुरुवात पट्टीच्या हिशोबाच्या फाइलीपासून करा. लॉगिन, बॅनर, फोटोंची पानं मागून आली तरी चालतात.